बत्त्याखालचा फोन

चिनू, राधा, या रविवारी सहाला आजोबांचा फोन लागणार नाही आणि तुम्ही घाबराल, म्हणून आजच लिहिते. तो त्यांनी फोडला. स्वतः, खलातल्या लोखंडी बत्त्याने.

आजारपणानंतर मी त्यात अकरा गजर लावले होते. गोळी, पाणी, चालणे, आराम, पुन्हा गोळी. परवा ते खिडकीत बसून समोरच्या तारेवरचा खंड्या पाहत होते, तेवढ्यात गजर वाजला.

"अहो, पाणी!" मी आतून ओरडले.

"मी माणूस आहे की शाळा? तासातासाला घंटा!"

मग स्वयंपाकघरातून घाव ऐकू आले. धावत गेले, तर ते ओट्यावर फोन ठेवून घामाघूम होऊन हाणत होते. काच भिंतीपर्यंत उडत होती, बोटांतून रक्त गळत होते. मी मनगट धरले, तर त्यांनी असा हिसडा दिला की मी दारावर आपटले. एवढा जोर त्यांच्या अंगात उरलाय, हे मला ठाऊकच नव्हते.

आज सकाळी ओट्याखाली काचेचा एक तुकडा सापडला. आयुष्यभर मला शिस्त म्हणजेच माया वाटत आली. तो तुकडा उचलताना वाटले, पहिला घाव माझाच होता. माझे घाव लहान होते आणि वेळेवर पडत होते, एवढेच.

"नवा फोन आला की त्यात एकही गजर लावत नाही," मी त्यांना म्हटले.

त्यांनी पट्टी बांधलेला हात वर केला. "रविवारचा सहाचा लाव. पोरांच्या फोनचा."

गोळ्या आता मी न बोलता त्यांच्या हातावर ठेवते. नव्या फोनवर रविवारचा सहाचा गजर तेवढा लावीन.