रस्त्याकडे पाठ

गोल्फमध्ये चेंडू मारणं ही सगळ्यात सोपी गोष्ट, असं माझे बाबा म्हणत. अवघड असतं ते मारण्याआधी नीट उभं राहणं. लहानपणापासून मी लष्कराच्या मैदानावर त्यांच्या मागून हिंडले होते, त्यामुळे हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. माझ्या नवऱ्याच्या अंगात ते मुरवायला मात्र एक अख्खा हिवाळा गेला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. हे पिंपरीच्या एका कंपनीत मशीन शॉपचे मॅनेजर होते. आम्ही चिंचवडला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो आणि लष्करातून निवृत्त झालेले बाबा दिघीला एकटेच राहायचे. आई माझ्या लग्नाआधीच गेली होती. दर रविवारी आम्ही स्कूटरवरून भोसरीमार्गे बाबांकडे जेवायला जायचो, आणि दर रविवारी हे दोघे पुरुष समोरासमोर बसून अत्यंत सभ्यपणे चहा प्यायचे. बाबा कंपनीची खुशाली विचारत, हे ठीक आहे म्हणत. मग हे दिघीच्या पावसाची चौकशी करत, जणू आमच्याकडे वेगळा पाऊस पडला होता. बाबांना लेथमधलं काही कळत नव्हतं आणि ह्यांना गोल्फमधलं. दोघांनाही दुसरं काही बोलता येत नव्हतं.

त्यात वर्षभरापूर्वी बाबांनी खेळणं सोडलं. विचारलं की कंबर धरते म्हणायचे. पण उठता-बसता त्यांचा हात कंबरेकडे गेलेला मी कधी पाहिला नाही. जुने सोबती बदलून गेले, एकट्याला जायचा कंटाळा येत असेल, असं मी धरून चालले. घरात बसून माणूस सुकत चालला होता, आणि मला त्याची काळजी लागून राहिली होती.

एका रविवारी परत येताना हे स्कूटर चालवता चालवता, मागे न बघता म्हणाले, "मला शिकव. मी येतो म्हटलं तर ते निघतील खेळायला."

ह्यांचे वडील ह्यांच्या शाळेच्या वयातच वारले होते. बाबांशी आपलं जमावं अशी ह्यांना किती ओढ होती ते मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं ती चहाच्या कपाआड लपून राहिली होती.

क्वार्टर्सच्या मागे मोकळा माळ होता, त्याच्या कडेनं कंपनीचा रस्ता जायचा. माझ्या जुन्या गोल्फच्या काठ्यांची पिशवी मी माळ्यावरून खाली काढली. पहिल्या दिवशी हे सूत, खडू आणि पोलादी फूटपट्टी घेऊन माळावर हजर. मी म्हटलं, अहो, पाया खणायचा नाहीये. तरी ह्यांनी नेमासाठी लांबच्या पाण्याच्या टाकीकडे सूत धरलंच.

नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते. नेम जिकडे, तिकडेच तो पाय आणि छाती वळवतो. मी कपडे वाळत घालायची काठी टाकीच्या रोखानं जमिनीवर ठेवली, तिला समांतर दुसरी ठेवली, आणि सांगितलं की ही गाडीची चाकोरी समजा. पलीकडच्या चाकोरीत चेंडू, अलीकडच्या चाकोरीत आपले पाय. क्लबचं, म्हणजे मारायच्या काठीचं, तोंड टाकीकडे बघेल, तुम्ही नाही. शेतकऱ्याच्या घरातले असल्यामुळे चाकोरी ह्यांना ताबडतोब पटली. दोन काठ्यांमधलं अंतर दोन्ही टोकांना सारखं आहे की नाही हे ह्यांनी फूटपट्टीनं तपासलं, आणि माझी काठी बोटभर सरकवून माझ्याकडे असं पाहिलं की बस.

मग वाकायचं शिक्षण. उंच स्टुलाच्या कडेवर टेकायला निघालेला माणूस जसा दिसतो तसं उभं राहायचं. पाठ सरळ, गुडघे जरा सैल आणि बूड मागे. इथं आमचं घोडं अडलं. हे खांद्यातून वाकत, मानेतून वाकत, पण बूड काही मागे जाईना. मी ओरडून ओरडून दमले. शेवटी एकदाचं ते मागे गेलं आणि चेंडू सरळ टाकीच्या दिशेनं गेला. मला वाटलं, जिंकलं.

पण रोज संध्याकाळी काय व्हायचं, सुरुवातीचे फटके सरळ जायचे आणि नंतरचे सगळे टाकीच्या उजवीकडे. मी पकड बदलून पाहिली, चेंडू पुढेमागे करून पाहिला. हे म्हणाले, जमीन उतरती आहे. कधी म्हणाले, वारा आहे. ज्या माणसाच्या शॉपमध्ये केसाएवढी चूक झाली तर कुणाची धडगत नसे, तो इथं वाऱ्यावर ढकलत होता. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं. कंपनीचा भोंगा होईपर्यंत ह्यांचे पाय काठीला समांतर असत. भोंगा झाला, पाळी सुटली, सायकली रस्त्याला लागल्या, की ते हळूहळू उजवीकडे फिरत. टाकीकडे नेम धरला की रस्ता बरोबर ह्यांच्या पाठीमागे यायचा. आपल्या शॉपच्या माणसांना आपलं बूड दिसू नये म्हणून हा गृहस्थ सबंध अंगानं वळत होता.

ह्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. शॉपमध्ये प्रत्येक साहेबाला नाव पडायचं. ह्यांच्या आधीचे साहेब पाय फाकून चालायचे म्हणून त्यांचं बदक झालं होतं. साहेब बदलून गेले, बदक मागे राहिलं. आपलं काय होईल या विचारानं ह्यांना घाम फुटे.

मी त्या दिवशी हट्टच धरला. भोंगा होऊ दे, आज पाय हलवायचे नाहीत. हे दात आवळून उभे राहिले, रस्त्याकडे रीतसर पाठ करून. तेवढ्यात मागे सायकलीचा ब्रेक वाजला. मोशीचा एक म्हातारा फिटर होता, बरोबर आणखी दोघं.

"सायेब, काय हरावलंय का? आमी हुडकू लागू?"

"हो," हे म्हणाले. "एक नट पडलाय."

तिघांनी सायकली आडव्या टाकल्या आणि गवत चाळायला सुरुवात केली. साहेबांचा नट म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. हेही त्यांच्यात सामील झाले, अगदी मनापासून, न पडलेला नट शोधायला. फिटरनं केवढा नट म्हणून विचारलं तर ह्यांनी माप सांगितलं, तेही बिनचूक. मी पदर तोंडाला लावून किती वेळ उभी राहणार? अंधार पडायला लागला, मला त्या माणसांची दया आली, आणि मी सांगून टाकलं की साहेब गोल्फ शिकतायत, नट-बिट काही नाही.

फिटरनं कंबर सरळ केली. जमिनीवरच्या काठ्या पाहिल्या, मला पाहिलं, ह्यांना पाहिलं.

"बाईंकडनं व्हय?" एवढंच म्हणून त्यानं सायकल उचलली.

दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त ह्यांच्या टेबलावर निरनिराळ्या मापांचे नट ओळीनं मांडून ठेवलेले होते. हे घरी आले ते हसतच. व्हायचं ते होऊन गेलं होतं, त्यामुळे त्यानंतर ह्यांचे पाय जागचे हलले नाहीत. रस्त्यानं कुणीही जावो.

बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी आधी कंबर पुढे केली. दुसऱ्यांदा ह्यांनीच विचारलं, आणि बाबा बघू म्हणाले. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं मैदानावर होतो. दिघीच्या त्या मैदानावर हिरवळ नावालाच, चेंडू घालायच्या होलभोवती गवताऐवजी तेल शिंपडून बसवलेली वाळू आणि मधे एक निशाण. मी जरा बाजूला थांबले. दोघांना एकमेकांशी बोलू द्यावं असा माझा बेत होता.

पहिला मान बाबांचा. ते उभे राहिले आणि माझं मन भरून आलं. तीच सरळ पाठ, तेच सैल गुडघे. हे त्यांच्या मागे उभे होते, मी शिकवल्याप्रमाणे रेषा बघत. बघता बघता ह्यांचा चेहरा बदलला. मग मलाही दिसलं. बाबांचे पाय निशाणाकडे नव्हतेच, ते पार उजवीकडच्या बाभळीच्या रोखानं होते. मला वाटलं, जावयाची परीक्षा घेतायत, आणि मी काहीतरी चिडवणार होते.

"बाबा," हे हळूच म्हणाले, "निशाण डावीकडे आहे."

बाबा हलले नाहीत. चेंडूवरची नजरही त्यांनी काढली नाही.

"मला दिसत नाही ते, जावईबापू. वर्ष उलटून गेलं. हिला सांगू नका."

मी चार पावलांवर उभी होते. जन्मभर मीच त्यांच्या मागून हिंडले, आणि ते सांगितलं मात्र ह्यांना. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त बरं वाटत होतं.

हे खाली बसले. बाबांच्या बुटांना दोन्ही हात लावून एक पाऊल फिरवलं, मग दुसरं. आमच्या घरात जावयानं पाण्याचा तांब्यासुद्धा उचललेला बाबांना खपत नसे. त्यांनी पाय मागे घेतला नाही. उलट ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून, आता बरोबर का, असं विचारलं.

मी ऐकलं नाही असं त्यांना वाटावं म्हणून मी दुसरीकडे बघत राहिले, आणि चेंडू कुठे गेला ते मला दिसलं नाही.