चढावर वाढलेलं डिझेल

माझ्या जुन्या पिकअपमधला काटा खोटं बोलत होता आणि त्याच्या भरवशावर मी एका सरळ माणसाला चोर ठरवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. काट्यावरचा नाही, स्वतःवरचा.

नामपूरहून नाशकात कांदा आणणारी ती गाडी सटाण्याचा एक ड्रायव्हर चालवायचा. भावडबारीच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जायचा. तो म्हणायचा, "शेठ, इंजिन गरम नही. काटाच खोटा शे."

"गाडी रेटायची आणि वर मलाच शहाणपण शिकवायचं!" मी खेकसायचो.

नाशकातल्या मेकॅनिकने आधी थर्मोस्टॅट उपटून फेकला. गाडी तापते म्हटलं की आपल्याकडे तपासत कुणी बसत नाही, आधी तो काढतात. काटा लालच. मग सेन्सर बदलला. तरी लालच. शेवटी त्या महाभागाने निदान केलं, "ड्रायव्हर बदला." तो मूर्ख, आणि त्याचं ऐकणारा मी दीड मूर्ख.

निमित्तही लगेच मिळालं. संध्याकाळी गाडी उभी करताना अर्ध्याहून जास्त टाकी मी स्वतः काट्यावर बघितली होती. सकाळी पिंपळगावच्या अलीकडे डिझेल संपल्याचा त्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी नामपूरच्या बाजाराबाहेर, चहाच्या टपरीवर, सगळ्यांदेखत मी ओरडलो, "डिझेल विकून खातो हा!" त्याने किल्ली बाकावर ठेवली आणि निघून गेला. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

मग स्टेअरिंगवर मीच बसलो. भावडबारीला काटा लाल झाला. उतरून बघितलं तर ना वाफ, ना वास, रेडिएटरमधलं पाणी शांत. चिडून पुन्हा गाडी काढली आणि या वेळी नजर डॅशबोर्डवरून हलवली नाही. तापमानाचा काटा चढत होता आणि शेजारचा डिझेलचाही चढत होता. सपाटीला लागलो तरी दोन्ही वरच. चालत्या गाडीत डिझेल वाढतं होय?

गाडी कडेला घेतली, डॅशबोर्डखाली हात घातला. दोन्ही काट्यांची एकच अर्थिंगची वायर, गंजून सैल झालेली. खरवडून स्क्रू आवळला. दोन्ही काटे खाली आले. तापमान मध्याच्याही खाली, आणि डिझेल जवळजवळ तळाला. इतके महिने डिझेल जास्त दिसत होतं, पण त्याची तक्रार मी कधीच केली नव्हती. फायद्याचं खोटं कोण तपासतो!

सटाण्याला त्याच्या घरी गेलो. त्याने आत बोलावलं नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला, "इथं नको, शेठ. जिथं बोलले, तिथं बोला."

मला ते झोंबलं. पण गेलो. त्याच टपरीवर, तो शेजारी उभा असताना, मोठ्याने सांगितलं की वायर सैल होती, काटा खोटा होता, याने थेंबभरही डिझेल चोरलेलं नाही. माणसांनी माना डोलावल्या. एक जुना व्यापारी बशीतला चहा संपवून म्हणाला, "ते ठीक हे. पण मग चोरलं कुणी?"

ड्रायव्हरने माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहा न घेताच तो निघून गेला.