लोकेशन मागू नका

गेल्या रविवारी शिवऱ्याला, हायवेवर, मी एका डिझेल गाडीशी भांडले. गाडीत माणूस नव्हता... पण माझा इलाज नव्हता.

झालं असं की आम्ही हौसेने इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली आणि सासूबाईंना घेऊन चार दिवस महाबळेश्वर वगैरे फिरलो. शेवटच्या दिवशी गाडी वेल्ह्याजवळच्या आमच्या कुलदेवीला दाखवायची, हे बुकिंग करतानाच ठरलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी नवी गाडी देवीच्या दारात उभी राहून नैवेद्य होईपर्यंत घरातल्या मोठ्या बाईने तोंडात काही घालायचं नाही. मोठी बाई म्हणजे सासूबाई... वय चौऱ्याहत्तर, शुगर, आणि सकाळची गोळी मात्र न चुकता घेतलेली.

आदल्या दिवशी आंबवड्याला मावससासूबाईंकडे मुक्काम होता. तिथे गाडी घरच्या सॉकेटला लावून पाहिली, तर गाडीबरोबर आलेल्या चार्जरवर लाल दिवा... अर्थिंग नाही, म्हणजे चार्जिंग नाही. नवरा म्हणाला, काळजी कशाला, शिवऱ्याच्या हॉटेलात फास्ट चार्जर आहे, ॲपवर हिरवा दिसतोय. सकाळी सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या, डबा मांडीवर घेतला आणि आम्ही निघालो.

चार्जर होता हो, खोटं कशाला बोलू! जमिनीला हिरवा रंग, वर पत्र्याची शेड, उद्घाटनाची वाळलेली माळसुद्धा. आणि त्या शेडमध्ये, अंगावर कव्हर ओढून, हॉटेलमालकाची डिझेल गाडी. का? तर अख्ख्या पार्किंगमध्ये सावली तेवढीच.

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "चार्जर चालू आहे मॅडम, फक्त समोर शेठची गाडी लागलीय." चावी? शेठकडे. शेठ? पुण्यात, दुपारपर्यंत येतील. तोवर मिसळ घ्या म्हणे! गाडीत उपाशी म्हातारी बाई बसली आहे आणि हा मला मिसळ सांगतोय. माझा आवाज असा चढला की शेजारच्या टेबलावरची माणसं घास हातात धरून बघत बसली. पण आवाजाने गाड्या हलत नाहीत...

पुढचा चार्जर उलट्या दिशेला, पार पुण्याजवळ. ॲपवर तोही हिरवाच होता, पण त्या हिरव्यावर आता कोण विश्वास ठेवणार? नवऱ्याने गणित मांडलं... देवी चाळीस किलोमीटर, रेंज पंचावन्न, आरामात पोचतो. एसी बंद केला, खिडक्या उघडल्या. चढाला रेंज भराभर उतरली, मार्गासनी मागे पडली आणि स्क्रीनवर बॅटरी संपत आल्याचं कासवाचं चित्र उगवलं. गाडी जोर धरेना.

सासूबाईंच्या कपाळावर घाम आला होता, डब्यावरचे हात थरथरत होते. "आई, एक घास खा," मी दहा वेळा म्हणाले असेन, त्यांची मान आडवीच. मला रडू आणि राग एकदम आला. शेठचा, ॲपचा, नवऱ्याच्या गणिताचा... आणि खरं सांगते, देवीचासुद्धा.

गाडी कशीबशी थांबवली तिथे रस्त्याला लागूनच एक पिठाची गिरणी चालू होती. बाहेर दळणाचे डबे घेऊन पाच बायकांची रांग, आत पिठाने पांढरी झालेली गिरणीवाली. मी तिला निम्मंच सांगितलं असेल, ती थेट गाडीपाशी गेली. सासूबाईंचा हात हातात धरून पाहिला, घरात गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली.

"आजी, ह्यो गूळ खायचा न्हाई, औषद म्हनून घ्यायचा. औषदानं उपास मोडत न्हाई."

आणि सासूबाईंनी तोंड उघडलं! मी सकाळपासून घसा फोडत होते त्याचं काही नाही. त्या क्षणीही मला थोडा रागच आला, लपवत नाही.

मग तिने गिरणी बंद केली. दोन्ही एकदम चालवलं तर फ्यूज उडतो म्हणाली. रांगेतल्या बायकांपैकी एकीनेही कुरकुर केली नाही, डबे तसेच ठेवून त्या भिंतीच्या सावलीला टेकल्या.

चार्जर लावला... पुन्हा लाल दिवा. नवरा मटकन खालीच बसला. ती म्हणाली, "थांबा, खड्डा सुकला असंल." बादलीभर पाण्यात मीठ कालवून तिने ते भिंतीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं, आणि दिवा हिरवा झाला. त्या दिवसातला पहिला खरा हिरवा.

तासाभरात वीस किलोमीटरची रेंज भरली. गाडी देवीच्या दारात उभी राहिली, नैवेद्य झाला, सासूबाई जेवल्या. पुजाऱ्यांकडेच मुक्काम केला, तिथे गाडी निवांत चार्ज झाली.

दुसऱ्या दिवशी परतताना प्रसादाच्या पोळ्या घेऊन गिरणीवर थांबलो. मी उत्साहाने मोबाईल काढला. ॲपवर नवीन चार्जिंग पॉइंट टाकता येतो, तुमच्या गिरणीचा टाकू का, असं विचारलं. ती हसली.

"टाका की. येऊ द्यात लोकं. पर हितल्या बायांना पीठ कवा द्यायचं, ते बी त्यातच लिवा."

मी मोबाईल गुपचूप पर्समध्ये ठेवला.

आत्ता हे लिहिताना पुन्हा बघितलं. शिवऱ्याचा चार्जर अजून हिरवाच दाखवतोय. मी एक स्टार दिलाय, फोटोसकट. पण गिरणीचं लोकेशन कमेंटमध्ये मागू नका, मिळणार नाही. त्या माउलीचे उपकार मी असे फेडणार नाही.

एका शेठची गाडी सावलीत राहावी म्हणून त्या दिवशी पाच घरांत भाकऱ्या उशिरा झाल्या... तेवढं पुरे.