मस्क्युलर कंपनीचा डबा

ज्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता धड सांगता येत नाही, त्याने एका अवघड आजाराची अख्ख्या जिल्ह्याला ओळख करून द्यायचा विडा उचलला तर काय होतं, हे ज्याला पाहायचं असेल त्याने हिंगणघाटला माझ्या मोठ्या साडूंच्या भांड्यांच्या दुकानात जावं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. ताईंचे स्नायू गेली काही वर्षं हळूहळू दुबळे होत चाललेले. आधी जिना सुटला, मग रस्ता, मग आपलं आपण उठणंही. डॉक्टरांनी 'मस्क्युलर डिस्ट्रॉफी' असं नाव सांगितलं आणि ही बरी होणारी गोष्ट नाही, असंही सांगितलं. यातलं दुसरं वाक्य साडूंनी ऐकलंच नसावं. नाव मात्र त्यांनी मंत्रासारखं पाठ केलं आणि अशा रुग्णांना बॅटरीवर चालणाऱ्या खुर्च्या मिळवून देण्यासाठी एक मंडळ काढलं. अध्यक्ष ते, सचिव ते, आणि सभेला हजर राहणारेही बहुधा तेच. मला त्यांनी सल्लागार नेमलं. मी सल्ला दिला की ते मान डोलावून 'बराबर हाये' म्हणत आणि नेमकं उलटं करत.

त्यांच्या दुकानात भांड्यांवर नाव घालायचं मशीन आहे. "साडभाऊ, कागद मानूस फेकून देते. भांडं फेकते काय?" असं म्हणून त्यांनी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक भांड्यावर, गिऱ्हाइकाला न विचारता, फुकटात 'मस्क्युलर डिस्ट्रॉफी' कोरायला सुरुवात केली. लग्नसराईत एक वधूपिता पाणी भरायचा पितळी गुंड काखेत मारून तरातरा दुकानात शिरला. "माया पोरीच्या गुंडावर हे कोन्या बाईचं नाव टाकलं बाप्पा तुमी?" त्याची समजूत घालेपर्यंत माझ्या घशाला कोरड पडली. दुसऱ्या एक बाई तळेगावाहून आल्या होत्या. त्यांना 'मस्क्युलर कंपनीचाच' डबा हवा होता, कारण बहिणीकडचा त्या कंपनीचा डबा दोनदा पडूनही चेपला नव्हता. आता तरी साडू खरं सांगतील म्हणून मी पाहत राहिलो. ते म्हणाले, "लय मजबूत कंपनी हाये, बाई," आणि मग अर्धा तास स्नायू म्हणजे काय ते समजावत बसले. जाताना बाईंनी मंडळाच्या पेटीत नोट टाकली आणि विचारलं, "याची ग्यारंटी किती सालाची?" त्या बाई नक्की काय समजून गेल्या, हे मला अजून कळलेलं नाही.

ताईंना कुठेही न्यायचं तर साडू स्वतः दोन्ही हातांवर उचलून नेत. बारशाला, बँकेत, भाजी घ्यायलासुद्धा. भावाची घासाघीस ताई वरूनच करायच्या आणि साडू खालून भाजीवाल्याची बाजू घ्यायचे. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की ते तसेच उभ्याउभ्या गप्पांना लागत. "अवो, मले तरी खाली ठेवा, नाई तं गोष्ट तरी संपवा," असं ताई म्हणत, पण साडूंना यातलं काहीच जमत नसे.

आणि माझा खरा गोंधळ इथेच होता. मंडळाची पहिली खुर्ची गेली अल्लीपूरच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे, दुसरी एका निवृत्त मास्तरांकडे, तिसरी वेणा नदीपलीकडच्या एका शेतकऱ्याकडे. दर वेळी मी विचारायचो, "ताईंना कधी?" ते म्हणत, "मंडळ आपलं हाये. आपल्याच घरापासून सुरुवात केली तं लोक काय म्हनतील?" मला वाटे, केवढा हा निःस्वार्थ माणूस! एकदा दुपारी तूर निवडताना ताई मला म्हणाल्या, "जवाई, मले एकडाव एकटीनं बाजारात जायचं हाये. कोनाच्या हातावर नाई. यायले इचारा ना, माया नंबर कवा?" मी विचारलं. साडू 'बराबर हाये' म्हणाले आणि चौथ्या खुर्चीसाठी रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरवला.

भोंगा ओरडत होता, "डिस्ट्रॉफीसाठी पुढे या! डिस्ट्रॉफीसाठी नावं नोंदवा!" दुसऱ्या दिवशी दुकानासमोर क्रिकेटचे आठ संघ बॅटी घेऊन, प्रवेश फी भरून उभे. डिस्ट्रिक्ट ट्रॉफी आहे, असं साऱ्यांनी ऐकलं होतं! हात जोडून खुलासा करा आणि प्रवेश फी परत करा, असा सल्ला मी दिला. साडूंनी मान डोलावली आणि जाऊन मैदान ठरवून आले. ट्रॉफी म्हणून पितळी गुंड ठेवला. दर दोन षटकांनी ते माईक घेऊन खेळ थांबवत आणि आजार समजावून सांगत. फलंदाज बॅटवर रेलून ऐकत. लोकांनी पेटी भरली, ती खेळासाठी की आजारासाठी, देव जाणे.

अंतिम सामन्यानंतर बक्षीस ताईंच्या हस्ते द्यायचं होतं. साडू त्यांना उचलून खेळपट्टीपर्यंत आले आणि तिथेच त्यांची कंबर धरली. ना पुढे जाता येईना, ना ताईंना खाली ठेवता येईना. यष्टिरक्षक आणि पंच धावले आणि दोघांना अलगद मातीवर बसवलं. ताई आधी खूप हसल्या, मग साडूंकडे वळल्या. म्हणाल्या, "साऱ्या जिल्ह्याले खुर्च्या वाटून राह्यले तुमी. मले काऊन नाई?"

साडू कंबर धरून आभाळाकडे पाहत होते. म्हणाले, "तू आपल्या मनानं फिराले लागली, तं मले काय काम राह्यते?"

बक्षिसासाठी शेजारीच आणून ठेवलेला माईक चालूच होता. सगळ्या मैदानाने ते ऐकलं. इतकी वर्षं मी ज्याला निःस्वार्थ समजत होतो, तो माणूस असा स्वार्थी निघाला, आणि मला त्याचा राग येण्याऐवजी डोळ्यांत पाणी आलं.

चौथी खुर्ची ताईंची झाली. पहिल्याच बाजारदिवशी त्या कळ दाबून रस्त्याला लागल्या. "मांगं येऊ नोका," असं बजावून गेल्या आणि वळूनही पाहिलं नाही. साडू कमरेला पट्टा बांधून दुकानाच्या पायरीवर उभे होते. हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. आधी पाठीशी बांधले, मग खिशात घातले, मग पुन्हा बाहेर काढले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई, साडभाऊ. हात लय हलके वाटून राह्यले."

मी त्यांना समोरच्या टपरीवर चहाला नेलं. बाजाराकडचा रस्ता दिसेल असं बाक त्यांनीच निवडलं.