दसऱ्याची हळद आणि हिरवी डिश

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. सोसायटीत लिफ्टसमोर कुणी लिंबू उतरवून टाकलं, तर ते उचलून डस्टबिनमध्ये टाकणारी बाई मीच. तेव्हा 'अंधश्रद्धा पसरवू नका' वगैरे कॉमेंट टाकायची तसदी घेऊ नका... डोकं आधीच तापलंय.

डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला एक छोटी प्रायव्हेट लॅब आहे, तिथे मी काम करते. आम्ही एक रंग बनवतो. पेशींवर ताण आला की त्यांच्यात रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन तयार होतो — भयंकर चिडका प्रकार. तो या रंगाला भिडला की मायक्रोस्कोपच्या निळ्या उजेडात रंग हिरवागार चमकतो. सोबत एक कंट्रोल डिश ठेवायची. तिच्यात पेशी नाहीत, नुसतं पाणी नि रंग. ती काळीच दिसली पाहिजे.

गेल्या दसऱ्याला माझ्या मैत्रिणीने, वैशालीने, मायक्रोस्कोपची पूजा केली. वैशाली बाळकुमची, माझ्याबरोबरच लॅबला लागलेली, पीएचडीचं रजिस्ट्रेशन तोंडावर आलेलं. आपट्याचं पान, झेंडूचं फूल, स्टँडला हळदीकुंकवाचं बोट. बस. दुसऱ्या दिवशी कंट्रोल हिरवी! आता हळदसुद्धा त्या उजेडात हिरवी चमकते, हे खरं. पण सर — लॅबचे मालक आणि तिचे गाईडही तेच — काही ऐकायलाच तयार नाहीत.

"तुझ्या हळदीने माझा डेटा नासवला!"

"सर, लेन्सला मी हात पन नाय लावला. खाली स्टँडला लावली फक्त."

"उद्यापासून येऊ नकोस."

झालं! नोकरी गेली, गाईड गेला, रजिस्ट्रेशन बोंबललं. बोटभर हळदीपायी!

मी इरेला पेटले. सगळं पुसून काढलं, इंजिनिअर बोलावून लेन्स साफ करून घेतल्या. नवी डिश, नवी रंगाची बाटली — उजेड लागला की हा रंग आपोआप चमकायला लागतो, म्हणून अंधारात उघडलेली. तरी हिरवी. तीच डिश शेजारच्या लॅबच्या मायक्रोस्कोपखाली... काळी. आमचा मायक्रोस्कोप डिशशिवाय... काळा. म्हणजे हळद ना डिशमध्ये, ना लेन्सवर!

मग वैशाली एक्सपिरियन्स लेटर मागायला आली. मी मुद्दाम सरांसमोरच डिश लावली. काळी. कुट्ट काळी!

"बघा सर, कुठाय हळद?"

"लेटर मेल करतो नंतर," सर तिला म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ती जिना उतरून गेली आणि स्क्रीनवर डिश हळूहळू हिरवी होत गेली. सरांनी पाहिलं, मीही पाहिलं. अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोलू?

वाटलं, आता तरी लाज वाटेल. कसलं काय! परवा जरा लवकर पोचले, तर मायक्रोस्कोपच्या खोलीचं दार लोटलेलं. आत सर, एकटेच. हातात घरून आणलेला हळदीकुंकवाचा करंडा. स्टँडला बोट लावून डोळे मिटून उभे!

माझं टाळकंच सटकलं. दारातूनच म्हटलं, "सर, याला नाही, तिला जोडा हात. एक फोन करा." करंडा खिशात घालून निघून गेले.

हे असं का होतं, मला खरंच माहीत नाही. कंट्रोल आजही हिरवीच दिसली. आणि वैशालीला लेटर अजून आलेलं नाही.