बारा बाय चारचं वावर

आमच्या गॅलरीत आठ कुंड्या मावतात. त्या आठ कुंड्यांसाठी माझ्या थोरल्या भावाने देऊळघाटहून ट्रॅक्टरची एक अख्खी ट्रॉली भरून शेणखत पाठवलं. यात भावाची काहीही चूक नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो. (वहिनी हे वाचणार आहेत.)

त्याचं असं झालं की मी रिटायर झालो. बुलढाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात उभी हयात फायली इकडून तिकडे सरकवल्यावर एका संध्याकाळी लोकांनी मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. घड्याळ कशासाठी, ते दुसऱ्या दिवशी कळलं. दहा वाजले, अकरा वाजले, साडेअकरा वाजले, आणि मी आपला त्याच्याकडे बघत बसलो होतो!

माझी बायको सुनंदा अजून नोकरीत आहे. शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे घरीसुद्धा अगदी पुस्तकातलं बोलते. पण एकदा का चिडली, की तिच्या तोंडून अस्सल वऱ्हाडी बाहेर पडतं. पारा किती चढलाय हे मला नुसत्या शब्दांवरून कळतं. मी रिटायर झालो आणि आमच्या घरात पुस्तकातलं मराठी जवळजवळ बंदच पडलं.

कारण मी घराचा कारभार सुधारायला घेतला होता. स्वयंपाकघरातले डबे मी अक्षरानुक्रमे लावले. त्यात साखर आणि सोडा शेजारी आले आणि दुसऱ्या दिवशी चहाला फेस आला. दूधवाल्याला मी उशिराचं लेखी कारण मागितलं. त्याने आमचं दूध शेजारच्या दारात ठेवायला सुरुवात केली. कांदा किती बारीक चिरावा याबद्दल मी फक्त एक सूचना केली होती. फक्त एक!

"अहो, तुमी काऊन माह्या मांगं मांगं करून राह्यले?" सुनंदा हातात सुरी घेऊन म्हणाली. "तुमाले दुसरं काई काम नाई काय?"

"नाही," मी खरं ते सांगितलं.

तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "त ते गॅलरी घ्या. झाडं लावा, वेली लावा, काई बी करा. पण माह्या स्वयंपाकघरात पाय टाकाचा नाई!"

अशी माझी गॅलरीत बदली झाली.

मी त्याच दिवशी आठ कुंड्या आणल्या. मेथी, पालक आणि टमाट्याचं बी आणलं. नर्सरीवाल्याने शेवटी शेणखताची पुडी पुढे केली. चकचकीत प्लॅस्टिकची. वर एका हसऱ्या गायीचा फोटो.

"हे काय? शेण विकत?" मी म्हणालो.

"घ्या ना काका. बिलकुल वास येत नाही."

वास येत नाही ते कसलं शेणखत? माझ्या भावाच्या गोठ्यात एवढ्या म्हशी उभ्या असताना मी पुडी घेऊ? मी ताठ मानेने बाहेर पडलो आणि दादाला फोन लावला.

दादा माझ्याहून मोठा. मी शिकून नोकरीला लागलो, तो देऊळघाटच्या वावरात, म्हणजे शेतावर, राहिला. आमचं कधी भांडण नाही, पण बोलणंही फारसं नाही. भेटला की एवढंच विचारायचा, "वावरात कधी येतं बे?" मी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात." असे किती पुढचे महिने मागे गेले, मला माहीत नाही.

"दादा, जरासं शेणखत पाहिजे होतं."

"तुले?"

"हाव."

"कायले?"

"भाजीपाला लावून राह्यलो."

"तू?"

"हाव, मी!"

"जागा किती हाय?"

आता या माणसाला 'गॅलरी' कसं सांगायचं? "लहानशीच आहे," मी म्हणालो. "बारा बाय चार."

मी फुटांत बोलत होतो. दादा जन्मात कधी फुटांत बोललेला नाही, त्याने धरले ते फक्त बारा, तेही गुंठे. "बुलढाण्यात बारा गुंठे!" तो पुटपुटला. पण त्याच वेळी रस्त्यावरून एक मोटरसायकल फटफटत गेली आणि मला ते नीट ऐकू आलं नाही. (आलं होतं. पण त्याच्या आवाजात माझ्याबद्दल इतका आदर मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तो मला मोडवेना.)

"आज बाबा पाह्यजे होते रे," दादाचा आवाज जड झाला. "तू चिंता नको करू. सकाळीच पाठवतो."

मला वाटलं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून एखादी पिशवी येईल.

सकाळी मी गालाला साबण लावून गॅलरीत दाढी करत होतो. खाली धडधड ऐकू आली. बघतो तर आमच्या बिल्डिंगच्या फाटकातून एक लाल ट्रॅक्टर उलटा आत येत होता आणि त्याच्यामागे ट्रॉली होती. ट्रॉलीवर काळाभोर डोंगर. डोंगरातून वाफा!

"बाळूभाऊ तुमीच काय?" ड्रायव्हर ओरडला. "माल आणला! वावर कोठी हाय?"

"वर!" मी तिसऱ्या मजल्यावरून ओरडलो.

"वर कोठी?"

"हे काय, मी उभा आहे ना, इथंच!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. गॅलरीकडे पाहिलं. मग मागे वळून ट्रॉलीकडे बराच वेळ पाहिलं.

"भाऊ," तो शेवटी म्हणाला, "ट्रॉली वर नाई चढत."

"थांब, मी खाली येतो!" मी ओरडलो. ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला यातला एकच शब्द कळला, 'खाली'. आता आमच्या भागात 'खाली' म्हणजे रिकामंसुद्धा! त्याने मान डोलावली आणि ट्रॉली उलटवायचा दांडा ओढला. मी पहिल्या मजल्याच्या जिन्यात होतो, तेव्हा खालून एक लांब, मऊ, समाधानी आवाज आला. भस्स्स!

मी पोचलो तेव्हा तो रिकामी ट्रॉली घेऊन देऊळघाटच्या वाटेला लागला होता. फाटकाच्या आत, बरोब्बर मधोमध, माझ्या छातीएवढा ढीग होता. ढिगाच्या पलीकडे रस्ता. अलीकडे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गावंडे साहेब, त्यांची पांढरी गाडी आणि त्यांचा पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट. साहेब चिखलीला साखरपुड्याला निघाले होते.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"शेणखत."

"ते दिसतंय मला! वासही येतोय! कोणाचं आहे?"

"तसं मूळचं म्हशीचं," मी म्हणालो. घाबरलो की मी नेमकं उत्तर देतो. ऑफिसची सवय.

"माझी तक्रार लिहून घ्या!" साहेब गरजले, आणि ढिगाच्या कडेने पलीकडे जाण्यासाठी त्यांनी जो पाय टाकला, तो पोटरीपर्यंत आत गेला. पाय परत आला. बूट आला नाही. तो मी जिन्याखालचं फावडं आणून काढून दिला. साहेब एक बूट ओला, एक कोरडा असे ऑटोने साखरपुड्याला गेले.

मागे वळलो तर सुनंदा पर्स काखेत धरून उभी.

"हे तुमच्या गॅलरीतलं काय?"

"हो. म्हणजे, व्हायचं होतं."

"मी चालली शाळेत," ती शांतपणे म्हणाली. "मी वापस येतपर्यंत हे इथं दिसलं, त तुमी बी इथंच राह्यजा." आणि ती फाटकाशेजारच्या लहान दारातून निघून गेली.

मी ढिगासमोर उभा राहिलो. ऊन चढलं. वास पहिल्या मजल्यावर गेला, दुसऱ्या मजल्यावर गेला, मग घरोघरी खिडक्या लागल्या. रस्त्यावरची एक गाय आत आली, ढीग हुंगून माझ्याकडे बघत राहिली. तिलाही हे जरा जास्तच वाटलं असावं. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या जोशी काकू नाकाला पदर लावून खाली आल्या. मी मान खाली घातली.

"भाऊ," काकू पदराआडून म्हणाल्या, "तुम्हाला चालणार असेल तर एक बादली नेऊ का? तुळस सुकत चाललीय माझी."

मी बादली भरून दिली. ती बघून दुसऱ्या मजल्यावरून घमेलं आलं. मग टब आला. मग समोरच्या बिल्डिंगमधून दोघंजण आले. एकाच वेळी चौघांनी फावड्याला हात घातला आणि माझ्या आत कितीतरी दिवस निपचित पडलेलं काहीतरी खडबडून जागं झालं.

"रांगेत या!" मी म्हणालो.

आणि काय सांगू, लोक रांगेत आले!

मी वरून टेबल-खुर्ची आणली. ढिगाशेजारी मांडली. नियम केला, एका फ्लॅटला दोन बादल्या. गुलाब असल्यास तिसरी, पण गुलाबाचा फोटो दाखवावा लागेल. समोरच्या बिल्डिंगवाल्यांना सांगितलं, "तुमचं प्रकरण वेगळं आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर या." ते खरोखर जेवणानंतर आले! एकाला मी म्हणालो, "बादलीला कडी नाही, चालणार नाही," आणि तो बिचारा कडी बसवून घेऊन आला. इतकं सुख मला रिटायर झाल्यापासून मिळालं नव्हतं.

चारच्या सुमारास गावंडे साहेब परतले. ढीग तोवर गुडघ्याएवढा उरला होता. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच रांगेच्या शेवटी उभे राहिले.

"दोन बादल्या मिळतील का? आमच्या मिसेसचा मोगरा..."

"साहेब, तुमची सकाळची तक्रार प्रलंबित आहे."

"मागे घेतली!"

"जरा मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

"तक्रार मागे घेतली!" सेक्रेटरी साहेब ओरडले.

मी त्यांना तीन बादल्या दिल्या. त्यांचा मोगरा पाहिलासुद्धा नाही.

सुनंदा आली तेव्हा फाटक मोकळं होतं आणि मी पाइपाने फरशी धूत होतो. बनियन शेणाचं, हात शेणाचे, आणि एका बाजूच्या गालावर सकाळचा साबण वाळलेला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसू लागली.

"किती दिवसांनी तुमचा चेहरा प्रसन्न दिसतोय," ती म्हणाली. पुस्तकातल्या मराठीत! मला एकदम हलकं वाटलं. "बरं, आपल्या कुंड्यांना किती ठेवलंत?"

मी फरशीकडे पाहिलं. शेवटचं पाणी गटारात जात होतं.

मी सगळ्या गल्लीला शेणखत वाटलं होतं. माझ्या आठ कुंड्या सोडून!

हे एवढ्यावर निभावलं असतं. पण रविवारी सकाळी दारात दादा उभा! डोक्याला पांढरी टोपी, हातात नवं खुरपं. मागे वहिनी, नवं लुगडं नेसलेल्या, हातात हळदकुंकू आणि नारळ.

"चहा मंग घेऊ," दादा म्हणाला. "पयले वावर दाखव. तुही वहिनी पूजा करतो म्हणते."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. मी दोघांना गॅलरीत नेलं. आठ कोऱ्या कुंड्या, त्यात विकतची कोरडी माती. दादाने गॅलरीतून वाकून खाली पाहिलं. त्याला वाटलं, वावर तिथे खाली कुठेतरी असेल.

"दादा," मी म्हणालो, "बारा बाय चार... फूट."

दादा माझ्याकडे वळला. "अन् खत?"

"वाटलं."

"आख्खी ट्रॉली?"

"हाव."

"अन् तुह्या या... याच्यात?"

"उरलं नाई."

तो खाली बसला. तोंड झाकलं. खांदे गदगदा हलू लागले. मी दादाला रडताना फक्त बाबा गेले तेव्हा पाहिलं होतं. मग हात बाजूला झाले. तो हसत होता! इतका, की त्याला श्वास घेता येईना. त्याला पाहून वहिनी हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या हातातला नारळ सुटून कुंडीवर पडला. नारळ फुटला. कुंडी फुटली. वावराची पूजा झाली!

"मले वाटलं..." दादाने टोपीने डोळे पुसले. "मले वाटलं, तू वापस येऊन राह्यला बे. शेतीत."

हे तो हसतच म्हणाला. पण त्यानंतर कोणी हसलं नाही. सुनंदा कुंडीचे तुकडे गोळा करू लागली.

"उद्या येतो," मी म्हणालो.

"कोठी?"

"वावरात. कामाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरंच देऊळघाटला गेलो. दादाने मला हरभऱ्यात निंदायला बसवलं. मी अर्धी ओळ साफ केल्यावर त्याने येऊन पाहिलं आणि खुरपं काढून घेतलं. मी तण ठेवून हरभरा उपटत होतो. मग त्याने मला पाणी द्यायला लावलं. पाणी बाजूच्या वावरात गेलं. शेवटी तो म्हणाला, "तुहा आवाज साहेबी हाय. तू ज्वारीतले पाखरं हाकल." ज्वारी दाण्यावर आली होती. माझ्यासाठी जागा करायला म्हणून त्याने तिथलं बुजगावणं उपटलं, बांधावर आडवं ठेवलं आणि माझ्या हातात पत्र्याचा डबा दिला.

मी दुपारपर्यंत डबा बडवला. ओरडलो. हात हलवले. एकदा तर "रांगेत या!" असंसुद्धा म्हणून पाहिलं.

दुपारी दादा भाकरी घेऊन आला. त्याने ज्वारीवर एक नजर टाकली.

"बाळ्या, राग नको मानू," तो म्हणाला. "तू उभा राह्यला, तवापासून पाखरं वाढले बे. तू आता बांधावर आडवा हो. त्याले उभं करू दे."

मी बांधावर आडवा झालो. दादाने बुजगावणं उभं केलं. आणि सगळी पाखरं भुर्रकन उडाली!