थर्मन गॅडिसचा प्रांजळपणा

थर्मन गॅडिस फक्त अपिलं लढवायचा. खालच्या कोर्टात साक्षीदार रडतात, वकील घसा फोडतात. ते सगळं त्याच्या मते बाजारू. लिंकनला, म्हणजे नेब्रास्काच्या राजधानीत, वरच्या कोर्टातल्या तीन न्यायमूर्तींपुढे उभं राहायचं, हळू बोलायचं, विचारलं त्याचं उत्तर द्यायचं, ही त्याची वकिली. अशिलाचं तोंडही बघायला नको. "माझं अशील म्हणजे कागद," असं तो दुपारी चिलीत, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्यात, तिकडच्या रीतीने दालचिनीचा गोड रोल बुडवत सांगायचा, आणि बरोबरचे माना डोलवायचे. न डोलवून करतात काय, जेवण त्याच्या खर्चाचं!

दर महिन्याला तो वरच्या कोर्टांच्या बातम्यांचं पत्रक काढी. कोणता निकाल फिरला, कोणत्या वकिलाला न्यायमूर्तींनी झापलं, असं सगळं त्यात असे. शेवटी स्वतःबद्दल चार ओळी. आपलीच पाठ आपणच थोपटायची, तीही छापून.

अशा या महापुरुषाच्या पदरात आर्लीन वोदिच्काचं प्रकरण पडलं. एका लहान गावात तिचं कोलाचेचं दुकान होतं. जर्दाळू भरलेले हे गोड पाव तिच्या आजोबांपासून तिथे भाजले जात. नगरपालिकेला ती जागा वाहनतळासाठी हवी होती. तळ शेजारच्या नव्या हॉटेलासाठी होता, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. खाजगी धंद्यासाठी कोणाचं दुकान काढून घेता येत नाही, हाच तर आर्लीनचा मुद्दा. खाली ती हरली होती. आता हे एकच अपील उरलं होतं.

गॅडिसने लेखी म्हणणं झकास लिहिलं, उगाच खोटं कशाला बोला. घात झाला तो सुनावणीत. वरच्या कोर्टात न्यायमूर्ती 'समजा' म्हणून प्रश्न टाकतात, आणि शहाणा वकील तिथे पाय जपून ठेवतो.

"मिस्टर गॅडिस, तुम्ही सरळ माणूस आहात," मुख्य न्यायमूर्ती म्हणाल्या. "समजा, त्या तळावर एखाद्या साध्या नागरिकालाही गाडी लावता आली, तर तळ सार्वजनिकच झाला, नाही का?"

उत्तर त्याच्याच कागदात होतं: नाही, एकटादुकटा कोण येतो ते नाही, तळ मुळात कोणासाठी बांधला ते बघायचं. पण 'सरळ माणूस' ऐकलं आणि गडी लोण्यासारखा वितळला.

"प्रांजळपणे सांगायचं तर, होय."

न्यायमूर्ती प्रसन्न हसल्या. नगरपालिकेच्या वकिलाने हसू लपवायला मान खाली घातली. मागच्या बाकावर बसलेल्या आर्लीनने शेजारच्याला विचारलं, "हे आपल्याच बाजूचे ना हो?"

बाहेर तिने त्याला गाठलं. "साहेब, तुम्ही हो कशाला म्हणालात?"

"बाई, या कोर्टात वकिलाची पत हेच सगळं असतं."

"आणि माझं दुकान?"

"तुम्हाला नाही कळायचं ते."

निकालात एक वाक्य आलं: 'अपीलकर्त्याच्या वकिलांनी प्रांजळपणे मान्य केल्याप्रमाणे...' पुढचं कोण वाचतो! आर्लीनचं दुकान पडलं, भट्टीसकट. गॅडिसने ते वाक्य पत्रकात ठळक छापलं आणि तिलाही एक प्रत पाठवली. लाज नावाची चीज त्याच्या गावीही नव्हती.

वसंतात वकील संघाने त्याला भाषणाला बोलावलं, त्याच हॉटेलात. विषय 'वरच्या कोर्टातली सचोटी'. वाहनतळाच्या फाटकापाशी त्याच्या पुढे एक जुनी गाडी अडली होती.

"हॉटेलचे पाहुणे आहात का?" रखवालदार विचारत होता. "नसाल तर इथे गाडी लावता येत नाही, बाई. कोणालाच नाही."

गाडीतली बाई खाली उतरली. आर्लीनच ती. मागे वळली, त्याला ओळखलं आणि त्याच्या खिडकीशी आली.

"ऐकलंत ना साहेब? कोणालाच नाही म्हणतोय तो. जा की, सांगा तुमच्या न्यायमूर्तींना!"

गॅडिसने काच वर केली. तिने गाडी बाजूला घेतली, तेव्हा हा पुढे सरकला आणि आमंत्रणाचं कार्ड दाखवलं.

"काय म्हणत होत्या त्या बाई?" रखवालदाराने विचारलं. "तुमच्या ओळखीच्या का?"

"छे," प्रांजळ माणूस म्हणाला, "कधी पाहिलं नाही."

फाटक उघडलं.